साडेचार हजार अंड्यांचा पंचनामा

सासूबाईंना सर्व्हर समजावताना मी जमिनीचं उदाहरण दिलं, ही चूक माझीच. त्या एकतीस वर्षं कोरेगाव तालुक्यात तलाठी होत्या.

सकाळचे दहा वाजले होते. पाच महिन्यांची मयूरा मांडीवर दूध पिता पिता पेंगत होती. बाजूला लॅपटॉप, आणि फोनच्या स्पीकरवर माझी गिऱ्हाईक ग्लेनिस. तिची इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाजवळ, कोंबड्यांची अंडी उबवायची हॅचरी आहे. पहाटे तिकडची वीज गेली, आली, आणि सर्व्हर उठेना. कुठल्या उबवायच्या पेटीत अंडी कितव्या दिवसाची, त्यांना ऊब किती द्यायची, हे फक्त त्याला ठाऊक. आत साडेचार हजार अंडी; त्यांची ऊब फार तर दुपारी बारापर्यंत टिकणार होती. गाडी माझा नवरा हृषिकेश ऑफिसला घेऊन गेलेला, म्हणून मी स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या घरच्या सोफ्यावरूनच दुरुस्तीला बसले होते.

"झालंय काय नेमकं?" आईंनी विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"डिस्क म्हणजे मोठं शेत समजा, आई. त्याचे बारीक बारीक तुकडे. कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, याची नोंदवही असते. ती बिघडलीय. एकाच तुकड्यावर दोन नावं लागलीत."

आईंनी मेथी बाजूला सारली. चष्मा लावला.

"कुणाकुणाची?"

"एक तापमानाचं वेळापत्रक. दुसरा त्यांच्या ख्रिसमस पार्टीचा फोटो."

"कब्जा कुणाचा?"

"तेच हा दुरुस्तीचा प्रोग्राम विचारतोय. मी सरसकट 'हो' म्हणून टाकते."

"सरसकट?" मी मयूराला कुठेतरी विसरून आल्यासारखं आईंनी माझ्याकडे पाहिलं. "चारुता, जागेवर न जाता फेरफार? जा आधी. काय पेरलंय ते बघ."

वेळ नव्हता, पण वाद घालायला त्याहून जास्त लागला असता. तुकडा उघडला. आत आकडेच आकडे. ३७.५, ३७.५, ३७.२.

"वेळापत्रकाचेच आहेत," मी म्हटलं. मग नोंद नीट वाचली. पहिलं नाव फोटोचं होतं. सरसकट 'हो' केलं असतं, तर पहिलं राहून दुसरं पुसलं गेलं असतं.

"वहिवाट वेळापत्रकाची," आई म्हणाल्या. "आता फोटोवाल्यांना नोटीस काढ. हरकतीला पंधरा दिवस."

"बाराला अंडी मरतील, आई."

"मग तोंडी जबाब घे. मालकीण आहे ना फोनवर?"

ग्लेनिसला सांगितलं, की अर्धा फोटो जाणार; वरचा की खालचा, सांगता येत नाही.

"वरचा गेला तर केव्हिनचं डोकं जाईल," ती जरा विचार करून म्हणाली. "नो वरीज, लव्ह."

"हरकत नाही म्हणतेय," मी आईंना सांगितलं.

आईंनी किराण्याच्या वहीत पंचनामा लिहिला. पंच दोन लागतात. एक त्या स्वतः. दुसरी मयूरा. झोपेतच तिचा अंगठा कुंकवात बुडवून ठसा घेतला. तुरीच्या डाळीएवढा उमटला. आई त्यावर फुंकर घालत राहिल्या, आणि मी प्रोग्रामला 'फोटोचं नाव कमी करा' असं उत्तर दिलं.

"आता सर्व्हरला उठवणारा छोटा प्रोग्रामही बदलायचाय. तोही खराब झालाय."

"जुन्याकडून चार्ज नीट घे."

"तो काही देण्याच्या अवस्थेत नाहीये."

"मयत," आईंनी लिहिलं. "वारस नोंद कर."

वारस नोंदवला. अकरा पन्नासला सर्व्हर पुन्हा सुरू केला. काळा पडदा. आई माझ्या खांद्याला धरून उभ्या. मग अक्षरं सरसर खाली धावली आणि फोनमधून पंख्यांची घरघर आली.

"सात नंबरच्या पेटीत चौतीस पूर्णांक आठ," ग्लेनिस म्हणाली. खूप वेळाने, "चौतीस पूर्णांक नऊ."

माझा डावा हात मयूराच्या डोक्याखाली बधिर झाला होता. तो मी हलवला नाही. ग्लेनिस एकेक आकडा वाचत होती, आई प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. सदतीस पूर्णांक पाचला ती वाचायची थांबली. रडत होती की पंखेच होते, कळेना. फोन आम्ही कुणीच ठेवला नाही.