स्वयंपाकघर गिळणारी सायकल

सायकलीचं खूळ घरात शिरलं त्याआधी एकच गोष्ट ठरलेली होती, ती म्हणजे नवं स्वयंपाकघर. सुताराने त्याचं चित्रही काढून दिलं होतं. खोल सिंक, काळ्या दगडाचा ओटा, भिंतीला पांढऱ्या फरशा आणि वर चार कपाटं. ते चित्र फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवलेलं होतं आणि ग्रंथपालबाई येताजाता त्याच्याकडे कौतुकाने बघायच्या. बघणारच! जुन्या कपाटाचं निखळलेलं दार एका हाताने तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने साखरेचा डबा काढायचा, ही कसरत त्या नऊ वर्षं करत होत्या.

आणि नेमकी तेव्हाच टेकडीवर जाणारी मिनीबस बंद झाली.

बाईंचं ग्रंथालय टेकडीच्या माथ्यावर. वर जायला एकच रस्ता, तीन वळणांचा. शेवटचं वळण तर असं, की चांगला धडधाकट माणूसही तिथे थांबून चपलेतला खडा काढल्याचं नाटक करतो. बाईंचा उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. सपाटीवर सायकल खुशाल चालवा, चढावर पाय मारायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्कूटर शिकायचा प्रयत्न त्यांनी पूर्वी एकदा केला होता, त्यात शेजाऱ्यांचं कुंपण आणि दोन कुंड्या कामी आल्या आणि सगळ्यांच्या संमतीने तो विषय मिटला होता.

बाई थांबत थांबत पायी वर जायला लागल्या आणि रोज उशीर व्हायला लागला. मग समितीचं पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत लेखी कळवा, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वर पोचणं जमेल काय. जमत नसल्यास आपली बदली खालच्या गोदामात होईल आणि वरचं ग्रंथालय आठवड्यातून दोनच दिवस उघडेल. गोदामात काम काय, तर जीर्ण पुस्तकांवर 'रद्द' असा शिक्का मारायचा. एकोणीस वर्षं पुस्तकं लोकांच्या हातात देण्यात गेलेल्या बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

तयार इलेक्ट्रिक सायकल दुकानाच्या काचेत उभी होती. बाईंनी तिची किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि मुकाट्याने घरी आल्या.

"एवढे पैसे? त्याच्या निम्म्यात मी घरी करतो," नवरा म्हणाला. "तुझ्या जुन्या सायकलीला मोटर बसवायची, बॅटरी बांधायची, की झालं. फार फार तर त्या चित्रातलं सिंक जाईल. आहे ते सिंक काय वाईट आहे?"

नवऱ्याला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. माणूस कामाला वाघ, पण धंद्याने त्यांना एक सवय लावली होती. कुठलीही वस्तू एकटी ठेवायची नाही. जिथे एक दोर पुरेल तिथे पाच लावायचे. ब्रेक लावला, की त्याच्या मदतीला दुसरा आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला तिसरा. घरातलं घड्याळसुद्धा दोन खिळ्यांवर टांगलेलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बाईंना वजनकाट्यावर उभं केलं, दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या देऊन. आकडा कोणाला सांगायचा नाही, या अटीवर बाई चढल्या. मिस्त्रींनी आकडा कागदावर उतरवला आणि सवयीने त्याला दोनने गुणलं.

"अहो, हे काय?" बाई किंचाळल्या.

"वाढीव भार धरावा लागतो गं. उद्या एखादी पिशवी वाढली तर?"

"माझ्याएवढी पिशवी?"

"धंद्यात असंच असतं."

इथेच माशी शिंकली. दोन बाईंना टेकडीवर नेणारी मोटर काही किरकोळ नसते. ती आली, आणि तिला साजेशी बॅटरी आली. सिंक गेलं. मिस्त्रींची धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहायची आणि कारखान्यात वेल्डिंग करायची. बाई तिला थट्टेने वन्सं म्हणायच्या. तिने जिना उतरून येऊन फ्रिजवरच्या चित्रातल्या सिंकवर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि "दादा, हार्दिक अभिनंदन" असं म्हणून ती पुन्हा वर गेली.

पण वाटेत बॅटरी बंद पडली तर? म्हणून दुसरी बॅटरी. दोन बॅटऱ्यांच्या वजनापुढे मोटर दमायला लागली, म्हणून मोठी मोटर. मोठ्या मोटरची भूक मोठी, म्हणून दोन्ही बॅटऱ्या परत करून त्यांच्याहून दांडग्या दोन. एवढं धूड थांबवायचं तर साधे ब्रेक काय कामाचे? पुढे डिस्क ब्रेक, मागे डिस्क ब्रेक, आणि शिवाय हँडलखाली एक तांबडी कळ, जी दाबली की मोटरचा वीजपुरवठाच तुटेल. भिंतीच्या पांढऱ्या फरशा एका आठवड्यात गेल्या. ओट्यावर फुली मारायला वन्सं आली तेव्हा मिस्त्रींनी तिला दारातच अडवलं.

"अर्धीच मार. काळा दगड गेलाय. साधा बसवता येईल."

तिने अर्धी फुली मारली. रविवारी दुपारी मोटर पहिल्यांदा जोरात फिरवली आणि जुन्या सायकलीचा चाक धरणारा मागचा चिमटा कट्कन फाकला, तेव्हा तिने उरलेली अर्धीही मारून टाकली. नवे पाइप आणून तिने स्वतः फ्रेम जोडली. म्हणजे ज्या जुन्या सायकलीमुळे पैसे वाचणार होते, तिची आता फक्त घंटी आणि कॅरिअर शिल्लक होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी आल्या, तर मिस्त्री सायकलीला दुसरं स्टँड लावत बसलेले. पहिलं शाबूत होतं. बाईंचा पारा चढला.

"बास!" त्यांनी पर्स टेबलावर आपटली. "दोन बॅटऱ्या, दोन स्टँड, तीन ब्रेक! उद्या दोन सीट लावाल आणि विचाराल, एक बायको बंद पडली तर? शनिवार आठ दिवसांवर आलाय. मला वर पोचायचंय हो, फक्त पोचायचंय! हे यंत्र पूर्ण होईपर्यंत मी गोदामात शिक्के मारत म्हातारी होईन."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. ते भांडणात कधीच चांगले नव्हते.

"लिफ्टमध्ये चढणारी माणसं माझी कोणी लागत नाहीत," ते म्हणाले. "तरी त्यांना मी एका दोरावर सोडत नाही. तुला कसा सोडू?"

बाईंना भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी सायकलीचं हँडल घट्ट धरलं. मागचं चाक स्टँडवर अधांतरी होतं. अंगठ्याखाली कसलीशी कळ आली, ती त्यांनी दाबली.

चाक फिरलं. आधी सावकाश, मग आरे दिसेनासे झाले, मग टेबलावरचे कागद उडाले. चाकाचा वारा बाईंच्या साडीचा पदर फडफडवायला लागला. त्यांनी अंगठा काढला, चाक थांबलं. पुन्हा दाबला. पुन्हा कागद उडाले. बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, जो त्या घराने त्यांच्या लग्नानंतर बहुधा ऐकला नव्हता. वरून वन्सं धावत आली.

"वहिनी! काय झालं? लागलं का?"

"वन्सं, हे बघा!" बाई ओरडल्या आणि त्यांनी पुन्हा अंगठा दाबला.

दुसऱ्या दिवशी घरी येताना बाईंच्या हातात एक मोठं खोकं होतं. आत खऱ्या चामड्याचं, स्प्रिंगचं सीट. "गुडघ्यासाठी आवश्यक आहे," त्या कोणी न विचारताच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आरसे आले, दोन्ही बाजूंना. चौथ्या दिवशी त्यांनी रंग आणला, पिवळाधमक, आणि कॅरिअरवर बसणारी पुस्तकांची पेटी आणली, पावसाचं पाणी न शिरणारी, कुलपाची. वरची चार कपाटं तीन दिवसांत धारातीर्थी पडली. या वेळी फुल्या बाईंनी स्वतःच्या हाताने मारल्या, आणि मारताना त्या गुणगुणत होत्या.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सायकल पुरी झाली. तिघांनी मिळून ती दाराबाहेर काढली तेव्हा तिघांनाही धाप लागली. वन्संने चित्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळा खर्च मांडला. बेरीज केली, मग डोकं खाजवून ती पुन्हा केली.

"दादा, एवढ्यात काचेतली आली असती."

"पण त्या सायकलीला..."

"थांब, बोलू दे. एवढ्यात काचेतल्या दोन आल्या असत्या! आणि दोन्हींवर हेल्मेट फुकट."

मग बाईंना हसू फुटलं. त्यांचं बघून वन्संला, आणि मग मिस्त्रींना इतकं, की ते सायकलीला धरून खाली बसले. "दोन!" वन्सं म्हणायची आणि तिघं पुन्हा सुरू व्हायचे. "दोन तर पाहिजेतच की," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "एक बंद पडली तर?" समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. हसून हसून पोट दुखायला लागलं तसं बाईंच्या लक्षात आलं, की सकाळ झाली की चढ आहे, आणि ही पिवळी म्हैस अजून एकदाही टेकडीवर गेलेली नाही.

शनिवारी सकाळी साडेआठला बाई निघाल्या. पत्राचं उत्तर पर्समध्ये होतं, फक्त एक शब्द लिहायचा राहिला होता. 'जमेल' किंवा 'जमणार नाही'.

सपाटीवर सायकल लोण्यातून गेल्यासारखी गेली. पहिल्या वळणावर बाईंनी पाव घेऊन चाललेल्या माणसाला मागे टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कोणाच्या तरी पुढे जात होत्या, आणि त्यांनी गरज नसताना घंटी वाजवली. दुसऱ्या वळणावर शाळेत जाणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी एक हात सोडून त्यांना प्रतिसाद दिला आणि लगेच तो परत हँडलवर ठेवला. गुडघा गप्प होता. वारा कानात शिरत होता. "अगं बाई, अगं बाई, अगं बाई," असं त्या मोठ्याने म्हणत होत्या आणि हसत होत्या.

तिसऱ्या वळणावर मोटरचा सूर उतरला. चाक जड झालं. हँडलवरचा हिरवा दिवा तांबडा झाला आणि पहिल्या बॅटरीने मान टाकली.

मागे उतार, पुढे उभा चढ, आणि वरच्या फाटकाजवळ समितीचे अध्यक्ष गाडीला टेकून घड्याळाकडे बघत उभे. बाईंनी डोळे मिटून मिस्त्रींनी दाखवलेला खटका पलीकडे फिरवला. दुसरी बॅटरी खडबडून जागी झाली आणि सायकलीने अशी उसळी घेतली, की बाई चामड्याच्या सीटवरून वीतभर वर उडाल्या. दुसरी बॅटरी नसती तर त्या तिथेच अडकल्या असत्या. अर्थात दुसरी बॅटरी नसती तर एवढं ओझं नसतं आणि पहिली संपलीही नसती, पण हा विचार करायला तेव्हा वेळ कोणाला होता? आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी त्या फाटकातून आत शिरल्या, अध्यक्षांच्या गाडीला दोन बोटांच्या अंतराने चुकवून.

"हे... हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी सायकल," बाई म्हणाल्या. पर्समधून पत्र काढून त्यांनी ते सीटवर ठेवलं, 'जमेल' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

काउंटर उघडून अर्धा तास झाला असेल, तर दारात मिस्त्री. काम सोडून चालत आले होते. एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर दुसरी. घामाने निथळत होते.

"वाटेत कुठे दिसली नाहीस," ते धापा टाकत म्हणाले. "मला वाटलं, खाली दरीत..."

"अहो, मी केव्हाच पोचले! बसा आधी."

पण मिस्त्री बसले नाहीत. एकोणीस वर्षांत ते इथे कधी आलेच नव्हते. सहा दिवस त्यांचं काम आणि रविवारी ग्रंथालय बंद, त्यामुळे राहूनच गेलं होतं. ते दिवाणखान्याएवढ्या खिडकीसमोर उभे राहिले, जिच्यातून खालचं सगळं गाव दिसत होतं. मग ते कपाटांच्या रांगांमधून हळूहळू फिरले. प्रत्येक कप्प्यावर बाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. मुलांच्या कोपऱ्यात दोन पोरं पालथी पडून एकच पुस्तक वाचत होती. खिडकीशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर करून सांगितलं, की बाई आज हजर आहेत म्हणून बरं, गेल्या आठवड्यात त्या गेल्याच अशी अफवा होती आणि त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

मिस्त्री काउंटरपाशी परत आले तेव्हा त्यांची धाप थांबली होती.

"मला वाटायचं, एखादी खोली असेल," ते म्हणाले. "दोन-चार कपाटं असतील."

बाईंनी समोरच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

मिस्त्रींनी पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग मी कमीच खर्च केला गं."

बाईंना हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि काउंटरवर तीन माणसं पुस्तकं घेऊन थांबली होती.