किशोरचा मंगळवार

चर्च बंद करायचं की नाही, यावर हात वर करायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरून छायाबाई उठल्या. चौक गावच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून निवृत्त झालेली ही बाई मंडळीसमोर आजवर कधी बोलली नव्हती.

पाळकांची बदली होऊन वर्ष झालं, नवे आले नव्हते. रविवारी जेमतेम वीस माणसं जमत, प्रार्थना झाली की पांगत. त्यापेक्षा सगळ्यांनी नेरळच्या चर्चला जावं, असं गॅरेजवाल्या किशोरचं म्हणणं होतं.

छायाबाईंनी वेगळंच सांगितलं. डोंगरावरच्या वाडीत नवशा नावाचा एकटा म्हातारा राहतो. त्याला टीबी आहे. गोळ्या चुकू नयेत म्हणून त्या रोज चढून जातात. आता गुडघे चालत नाहीत. रोज एक, अशी सात माणसं हवीत.

"बाई, नवशा आपल्या मंडळीतला नाय," किशोर म्हणाला.

"मंग मंडळीत कोन हाय, ते तरी सांग रं. तुझी आई वर्सभर अंथरुणात हाय. आमी कोन आलो तिला बघायला?"

मग बालवाडीत शिकवणाऱ्या संध्यानं सोमवार घेतला. एकेक वार जात शेवटी मंगळवार उरला. तो किशोरनं खाली मान घालून घेतला.

वाट उभ्या चढाची होती. पण आता रविवारी प्रार्थनेनंतर माणसं थांबू लागली. नवशा जेवला का, खोकला कमी आहे का, हे विचारू लागली. संध्या किशोरच्या आईकडे जाऊन बसू लागली. नेरळचा विषय मागे पडला.

चौथ्या महिन्यात, एका रविवारी पहाटे नवशा गेला. दुखणं फार उशिरा सापडलं होतं. त्या दिवशीची उपासना सोडून सगळी मंडळी वर गेली आणि वाडीच्या रीतीनं त्याला माती देईपर्यंत थांबली.

मंगळवारी सकाळी गॅरेजला कुलूप लावून किशोर निघालेला छायाबाईंना ओट्यावरून दिसला.

"आता कुठं रं? नवशा नाय ना ऱ्हायला."

"वाडीतल्या चांगोची बायको महिनाभर खोकते म्हणं. दवाखान्यात आणतो तिला," तो म्हणाला. "मंगळवार माजा हाय."

कारवीच्या झुडपांत त्याचा निळा शर्ट दिसेनासा होईपर्यंत छायाबाई बघत राहिल्या.