कानाचं मशीन

विभा कानाची मशिनं विकायची आणि कधीच सूट द्यायची नाही. सात दिवस मशीन घरी ठेवा, पटलं तर घ्या, असं सांगायची. लखनऊच्या ऑफिसात तिच्याइतकी विक्री कुणाचीच नव्हती.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत गीताकाकूंच्या डाव्या कानात तिने मशीन बसवलं, तेव्हा काकू चमकून खिडकीकडे बघायला लागल्या. "अगं, चिमण्या!" चार वर्षांत त्यांनी चिमणी ऐकली नव्हती. त्यात विभा मराठी बोलणारी, नागपूरची. काकू रोज तिला फोन करू लागल्या. आज कुकरची शिट्टी ऐकली, आज भाजीवाल्या भैयाची हाक.

पाचव्या दिवशी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काल अभिजित स्वयंपाकघरात बायकोशी, पूर्वाशी बोलत होता. मला नाशिकला वृद्धाश्रमात ठेवणार आहेत. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही." मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं. तू म्हणून बोलले."

"नाही सांगणार, काकू," विभा म्हणाली.

सातव्या दिवशी काकूंचा मुलगा अभिजित सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, "हजरतगंजच्या दुकानात पंचवीस टक्के कमी करतायत. तुम्ही काय देता? नाहीतर मशीन घेऊन जा."

काकूंनी कानावर हात ठेवला.

विभा त्याला बाल्कनीत घेऊन गेली. दार लावून घेतलं.

"दादा, सूट नाही. पण मशीन किती चांगलं आहे ते सांगते. स्वयंपाकघरातलं बोलणं काकूंना त्यांच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं. नाशिकचंसुद्धा."

अभिजितचा चेहरा उतरला.

"दोन्ही कानांना घेतलं तर आणखी चांगलं ऐकू येईल," विभा हळूच म्हणाली.

त्याने दोन्ही घेतली. पूर्ण किमतीला. काकूंनी विभाचे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी भांडलीस ना त्याच्याशी?" विभाने होकारार्थी मान हलवली. त्या रात्री तिला नीट जेवण गेलं नाही. पण सोमवारी ऑफिसातल्या नव्या मुलींना तिने हीच विक्री समजावून सांगितली, फक्त नावं गाळून.

आईला सगळं कळलंय म्हटल्यावर अभिजितला लपवायचं कारण उरलं नाही. आता तो तिच्यासमोरच फोनवर खोलीचं भाडं विचारायचा, गाडीची तिकिटं बघायचा. काकूंना दोन्ही कानांनी ऐकू यायचं.

दीड महिन्याने विभाने सर्व्हिसिंगसाठी फोन केला. पूर्वाने उचलला.

"मम्मीजी तो नाशिक चली गईं. मशीन यहीं छोड़ गईं, बोलीं अब नहीं चाहिए." मग तिने विचारलं, "आप वापस लेंगी क्या?"

"नाही हो," विभा म्हणाली. "विकलेलं मशीन आम्ही परत घेत नाही."