माझे कान कोणी झाकले?

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. शाळेच्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या दोऱ्यांखाली माझे टेबल आहे. माइकमध्ये कोणी बोलले की तो आवाज माझ्याकडे येतो. मी तो मोठा करतो आणि कर्ण्यांकडे पाठवतो. काम एवढेच. तरीही मागे माझ्या आयुष्यात जे घडले त्याने मी असा गोंधळलो, की अजूनही सगळे उमगले आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटातली एकेक तार निगुतीने जोडली, वर पत्र्याचा अंगरखा चढवला आणि तोंडावर ओळीने काळी बटणे बसवली. ही बटणे म्हणजे माझे कान. ते जसे पिळावेत तसा आवाज निघतो.

शाळेत माझे कान पिळण्याचा मान एकट्या गाण्याच्या बाईंचा होता. बाकीच्यांना इतकी बटणे बघूनच घाम फुटे. शिवणाच्या बाईंनी एकदा धीर करून एक बटण फिरवले, तर कर्ण्यातून अशी घरघर निघाली की त्यांनी पुन्हा माझ्या वाटेला जायचे नावच घेतले नाही. गाण्याच्या बाई मात्र मला मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "आमचा हा फार गुणी आहे हो!" मी फुलून जाई.

मग कधीपासून कोण जाणे, बाई माझा मोठा कान जरा जास्तच पिळू लागल्या. आधी थोडा, मग आणखी थोडा. मला काही कळेना. मी तर पूर्वीइतकाच जोर लावत होतो! मुले कानांवर हात ठेवत आणि बाई म्हणत, "अरे, मोकळ्या गळ्याने गा. शेवटच्या रांगेला काय ऐकू जाणार?"

वार्षिक समारंभाच्या तालमीत एक मुलगी एकटीच गात होती. सगळे तिला चिमणी म्हणत. बाईंनी बटण पार टोकाला नेले. कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरला, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून पुन्हा कर्ण्यात, आणि अशी कर्कश शिट्टी उठली की चिमणीच्या हातून माइकच पडला.

"मी नाही गाणार!" ती रडत रंगमंचावरून पळाली.

बाईंनी माझ्या डोक्यावर थापट मारली. "याचं आता काही खरं नाही."

दुरुस्तीवाला आला. त्याने माझे पोट उघडले, बघितले, पुन्हा बंद केले. "हा ठणठणीत आहे, बाई." मला बरे वाटले, पण गोंधळ वाढला. मी ठणठणीत, तर मग बिघडले होते काय?

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विज्ञानाच्या सरांना बोलावले. "कोणालाही चालवता येईल असं सोपं करून द्या."

सरांनी कर्णे रंगमंचाच्या पुढे आणून मुलांकडे वळवले, म्हणजे त्यांचा आवाज माइकमध्ये परत शिरणार नाही. वायरींचा गुंता सोडवला. लाल पट्टीची वायर लाल भोकात, निळी निळ्यात. मग माझी बटणे एकेक करून योग्य जागी फिरवून ठेवली आणि त्यांच्यावर चक्क पत्र्याचे झाकण लावले! बाहेर राहिले एकच बटण. मित्रांनो, हा माझा सन्मान होता की शिक्षा?

मग सर माइकपाशी गेले. गाण्याच्या बाई पाठमोऱ्या उभ्या राहून पेटी पुसत होत्या. "बाई, आवाज येतोय का?" सरांनी विचारले. माझा आवाज सभागृहभर स्वच्छ गेला. बाई वळल्या नाहीत. सरांनी पुन्हा विचारले. बाई पेटीच पुसत राहिल्या.

सरांनी मला बंद केले आणि ते बाईंसमोर येऊन बसले.

"बाई, तुम्हाला कमी ऐकू येतंय."

बाईंनी हातातले फडके पेटीवर ठेवले. "मला वाटायचं, हल्ली मुलंच तोंडातल्या तोंडात गातात," त्या म्हणाल्या. "सर, मोठ्या बाईंना सांगू नका. गाणं काढून घेतील माझ्याकडून."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. पण आधी कान दाखवून या."

काही दिवसांनी बाई आल्या, त्या कानात छोटेसे यंत्र घालून. चालताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकून त्या दचकत होत्या. आधी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण हसत होत्या. "म्हणतात, तुम्ही नाही तर शिकवणार कोण!"

मग त्यांनी चिमणीला हाताला धरून रंगमंचावर आणले. माझ्यापाशी शिवणाच्या बाई घाबरतच उभ्या राहिल्या. त्यांनी एकुलते बटण हलकेच फिरवले. घरघर नाही, शिट्टी नाही. चिमणी गाऊ लागली.

बाईंनी एकदम हात वर केला. "थांब. दुसऱ्या ओळीत श्वास मोडतो तुझा."

"बाई, तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"मला आज ऐकू आला गं, बाळा." बाईंनी तिला जवळ घेतले. "चल, पुन्हा. आधी पोटभर श्वास घे."

मित्रांनो, मला पुसा, माझ्या वायरी ओढू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात, वर्गात कोणी पुन्हा पुन्हा "काय म्हणालास?" असे विचारत असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका आणि पाठीमागे हसूही नका. समोर जाऊन बसा आणि मायेने सांगा. त्या दिवशी बटण अर्ध्यावरही नव्हते, मी जराही जास्त जोर लावला नव्हता, आणि बाईंना चिमणीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. हे कसे झाले, ते मात्र मला विचारू नका.