पॅनलवरची सावली

बसचालकाच्या मेहुण्याला सगळे खटपट्या म्हणत, आणि हे नाव त्याने स्वकर्तृत्वाने कमावलं होतं. चालवायचा चष्म्यांचं दुकान, पण जीव सगळा यंत्रांत. तळ्याकाठी तंबू ठोकून दोन-तीन दिवस राहायचं ठरलं, तर पठ्ठ्याने पंखा, दिवे, रेडिओ आणि हे सगळं चालवायला घडीचं सोलर पॅनल गाडीत कोंबलं.

"अरे, फिरायला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" त्याची ताई म्हणाली.

ताई म्हणजे चालकाची बायको. सहल तिनेच ठरवली होती, नवऱ्यासाठी. उन्हाळ्याच्या तोंडावर एक सायकलवाला घसरून त्याच्या बसच्या मागच्या चाकाखाली आला आणि जागीच गेला. रीतसर चौकशी झाली. चालकाचा दोष नाही, असा निर्वाळा मिळाला. डेपोचे साहेब म्हणाले, तुमची चूक नव्हती. शेजारी म्हणाले, तुमची चूक नव्हती. बायको तर उठता-बसता म्हणायची. तो "हो" म्हणायचा. साहेबांनी रजा घ्या म्हटलं, त्याने घेतली. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. रडला नाही, चिडला नाही. घर उघडं होतं, पण हाक मारली तर आतून ओ देणारं कोणी नव्हतं.

सकाळी खटपट्याने पॅनल उलगडलं. चार काळ्या पाट्या, मागे टेकू, आणि एक वायर खोक्याएवढ्या बॅटरीत गेलेली.

"भावजी, नीट ऐका. झोपेत माझा श्वास अडकतो. रात्री ते नळीवालं मशीन नाकाला लावल्याशिवाय झोपायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. मशीन चालतं बॅटरीवर, आणि बॅटरी भरते उन्हावर. ऊन फिरलं की पॅनल फिरवायचं. एका कोपऱ्यावर जरी सावली आली तरी सगळंच ढेपाळतं. जमेल ना?"

"हो."

बहीण-भाऊ तळ्याला वळसा घालायला गेले. चालक खुर्चीत बसून राहिला. बॅटरीच्या काचेवर किती वीज येतेय त्याचा आकडा दिसत होता. ऊन चढलं तसा तो वाढला. मग पलीकडच्या झाडाची सावली गवतावरून सरकत पहिल्या पाटीच्या कडेशी आली. आकडा उतरला. त्याला दिसत होतं. उठायचं, पॅनल चार पावलं ओढायचं, एवढंच तर काम. पण उठायला जे काही लागतं, ते त्याच्यापाशी नव्हतं. सावली दुसऱ्या पाटीवर आली, मग तिसरीवर. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या दारात चाललंय, अशा नजरेने तो बघत राहिला.

संध्याकाळी खटपट्या दमून आला आणि बॅटरी किती भरली ते न बघताच मशीन जोडून झोपला.

सकाळी तो तंबूतून बाहेर आला तेव्हा डोळे लाल, चेहरा सुजलेला. मशीन अर्ध्यातच बंद पडलं होतं. गुदमरून जाग आली ती आलीच. उरलेली रात्र त्याने तंबूत बसूनच काढली होती.

"भावजी, तुम्ही काल पॅनल फिरवलंत का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

बायको चहाचं पातेलं तसंच टाकून आली. "अरे, त्यांना काही बोलू नकोस. त्यांची काही चूक नाही."

"मग कोणाची चूक? सूर्याची?" खटपट्याचा आवाज चढला. "ताई, तू मधे पडू नकोस. एवढं एक काम सांगितलं होतं, भावजी! जीव गेला असता माझा!"

तो शब्द तोंडातून गेला आणि तो स्वतःच चपापला. बायकोने डोळे मिटून घेतले.

चालकाने मान वर केली. कितीतरी दिवसांनी तो कोणाच्या तरी तोंडाकडे सरळ बघत होता.

"सावली आलेली मला दिसली होती," तो म्हणाला. "तरी मी उठलो नाही. चूक माझीच आहे. बोल तू. अजून बोल."

"खुर्ची पण पायात येईल अशी टाकलीत," एवढंच खटपट्या पुटपुटला आणि चहा घ्यायला गेला.

चालक उठला आणि त्याने पॅनल मोकळ्या उन्हात नेऊन लावलं. दिवसभर ते तो सरकवत राहिला. मन हलकं झालं वगैरे काही नाही. आत अजून बधिरच होतं. फक्त हात उठत होते. दुपारी मेहुणा नाकाला नळी लावून झाडाखाली हत्तीसारखा पसरला, तेव्हा चालक बायकोजवळ येऊन बसला.

"त्या सायकलवाल्याच्या घरी जाऊन यावं म्हणतो."

बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली. "काय बोलणार तिथे?"

"माहीत नाही."

"दारात उभं करणार नाहीत ती माणसं."

"नाही केलं तर नाही."

तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "मी येते बरोबर," मग म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोघं गेली. दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं. चालकाने आपण कोण ते सांगितलं. बाईंनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. कडी धरून उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला ते दिसले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," चालक म्हणाला. "चाकाखाली काहीतरी आल्याचं कळलं, तेव्हा ब्रेक दाबला."

कोणाची चूक हे बाईंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दार हळूच लावून घेतलं.

जिना उतरताना बायकोने त्याचा दंड धरला. तो मधल्याच पायरीवर बसला, आणि वरून कोणी येतंय का, खालून कोणी बघतंय का, याची पर्वा न करता बसूनच राहिला.