होसाकांची गादी

राजवाड्यातल्या माणसांना आडनाव नसतं, त्यामुळे आमच्या धंद्याला तिथे एकही गिऱ्हाईक नाही. मी शिक्के कोरतो. घर घ्या, गाडी घ्या, कागदावर सहीच्या जागी आडनावाचा शिक्का उमटल्याशिवाय आमच्या जपानात पान हलत नाही. कोफूच्या बाजारात आम्हा होसाकांचं दुकान पणजोबांपासून आहे.

राजकन्येचं लग्न टीव्हीवर दाखवत होते, त्या सकाळी शेजारच्या नूडलवाल्या फुसाएताई आपला चहा घेऊन दुकानात येऊन बसल्या. घरचा टीव्ही चांगला चालू होता. पण मला डिवचल्याशिवाय त्यांना अशा सोहळ्याची गोडी लागत नाही. मुलगा साधा, नोकरी करणारा. लग्न झालं की पोरगी राजघराण्यातून बाहेर, नवऱ्याचं आडनाव लावून तुमच्याआमच्यासारखी. फुसाएताईंचे डोळे आधीच भरून आले होते.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. नुसतं जन्माला आलं म्हणून कुणाला गादी कशाला? त्या पोरीचे तरी काय हाल, आजवर साधं मत देता आलं नाही तिला. मोडीत काढा एकदा हे सगळं, त्यांची सुटका आणि आपलीही. फुसाएताई शांतपणे म्हणाल्या, भूकंपात माझ्या बहिणीचं घर गेलं तेव्हा छावणीत गुडघे टेकून तिची विचारपूस करायला राजवाड्यातली माणसं आली होती, तुमचा मंत्री नाही. मी नुसताच आवाज चढवला.

माझी मुलगी कायो मागे बसून शिक्क्यासाठी शिंगाचा ठोकळा घासत होती. तीन आठवडे आमच्यात अबोला होता. तिचं अमेमियांच्या मुलाशी जमलं होतं. कायद्याने नवराबायकोचं आडनाव एकच लागतं आणि जावयाने होसाका व्हावं, हा माझा हट्ट. तो एकुलता एक, त्याच्या आईबापांनी साफ नकार दिला. मग मीही सांगून टाकलं, होसाका राहणार नसशील तर या दुकानात बसायचं नाही. कायोचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी सांगितलं. तिला तो मुलगाही हवा होता आणि हे कामही.

टीव्हीवर राजकन्या आईवडिलांसमोर वाकली आणि गाडीत जाऊन बसली.

"बघा," मी फुसाएताईंना म्हणालो, "गादी जपायची म्हणून पोटच्या पोरीला दाराबाहेर काढतात. कसली माणसं ही."

मागचा घासण्याचा आवाज थांबला.

"बाबा," कायो म्हणाली, "तुम्ही कशावर बसलाय?"

मी खाली पाहिलं. पणजोबांची गादी. खोळ बदलत गेली, आतला कापूस तोच.

"तिला काढायला निदान कायदा तरी आहे," ती म्हणाली. "मला तुम्ही काढताय."

फुसाएताईंना एकाएकी भांडी घासायची आठवण झाली आणि त्या कप उचलून गेल्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत मी धुमसत राहिलो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांच्याशीही धड बोललो नाही. मग राग उतरला आणि लाज वाटायला लागली. ती त्याहून वाईट. आयुष्यभर राजवाड्याकडे बोट दाखवत आलो आणि स्वतः जेमतेम चार चटया मावतील एवढ्या खोलीत दरबार भरवून बसलो होतो.

शेवटी मी लाकडाचा एक चांगला ठोकळा काढला, त्यावर शाईने उलटी अक्षरं लिहिली आणि उठलो.

"ये, इथे बस," मी म्हणालो.

तिने ठोकळा हातात घेतला. वर पावसाचं अक्षर, खाली देवळाचं, मिळून अमेमिया. ती बराच वेळ ते वाचत राहिली.

"तुझा शिक्का तूच कोर. पावसाच्या अक्षरात चार थेंब आहेत, तिथे घाई करू नकोस."

ती गादीवर बसली. मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलो, या दुकानात पहिल्यांदाच. तिचे डोळे पाणावले होते, पण हात स्थिर होता. पहिला थेंब कोरून झाल्यावर तिने मान वर न करता विचारलं, पाटीवर होसाका राहू द्यायचं ना?

"मला काय विचारतेस," मी म्हणालो. "गादीवर तू बसली आहेस."