पवित्र पेजेचा नववा दिवस

दर रविवारी सकाळी ला पेन्का गावातलं बंधू त्रांकिलिनोचं अंगण माणसांनी फुलून जायचं. आजूबाजूच्या सात गावांतून ट्रक भरून बायका यायच्या आणि त्यांच्यामध्ये मान खाली घातलेले नवरे. नऊ दिवस प्रार्थनाघरात पवित्र पेजेवर राहिलेला एखादा दारुडा मंचावर उभा केला जाई. बंधू त्याच्या हातात उसाच्या दारूचा ग्लास देई.

"पी बाळा. ही शेवटची. आता तुझं आणि देवमातेचं काय ते बघून घ्या. मी कोण? मी तर मातेच्या दारातला झाडू."

हा झाडू पांढऱ्याशुभ्र नव्या गाडीतून हिंडायचा, ती गोष्ट वेगळी.

माणूस पिई. दहा मिनिटं भजनं चालत. मग त्याचं तोंड लालबुंद होई, छाती धडधडायला लागे आणि तो सगळ्यांदेखत भडाभडा ओके. "मातेचा हात पडला," असं म्हणत लोक गुडघे टेकत. बायका रडत. त्या माणसाला वर्षभराची शपथ देऊन तारखेचं कार्ड खिशात घातलं जाई, आणि शपथ जिवंत राहावी म्हणून दर शनिवारी पवित्र पेज प्यायला बोलावलं जाई. पुढे तो कधी प्यायला आणि ओकला, तर तो मातेचा हात. ओकला नाही, तर त्याची श्रद्धा उणी. बंधू दोन्हीकडून जिंकलेलाच.

आरोग्यकेंद्रातली नर्स हर्मेलिंडा हे लांबून बघायची. शपथेवर तिचा राग नव्हता. खिशातलं कार्ड दाखवलं की ला पेन्कात कुणी पुल्के या गावठी दारूचा आग्रह करत नाही. एरवी नको म्हणणाऱ्याला मित्र बाइलबुद्ध्या ठरवून मोकळे होतात. तिचा राग त्या ओकारीवर होता. आणि या खेपेला आत बसला होता तिचा सख्खा धाकटा भाऊ एलिओदोरो.

त्याला तिथं घालून आली होती त्याची बायको मकारिया.

"तुमच्या डॉक्टरणीनं काय दिलं, वन्सं? नुसत्या गप्पा. दर मंगळवारी या, गटात बसा, बोला. चार महिने कोरडा राहिला, आणि परत पडला."

"पडतात गं. पडला की पुन्हा यायचं. चार महिने काही थोडे नव्हेत."

"बंधूकडे कुणी पडत नाही. शंभरातले शंभर सुटतात. आणि औषधसुद्धा नाही, नुसती मक्याची पेज."

मकारियाच्या अंगावरचे वळ हर्मेलिंडानंच कितीदा शेकले होते. तिला रागावणार तरी कोणत्या तोंडानं? ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढे जन्मभर पस्तावा झाला.

शनिवारी दुपारी गावात एका बाळाचा बाप्तिस्मा होता. जेवणानंतर बायकांना रोंपोपे वाटलं. दूध, अंडी, साखर आणि वर दारू. पण गोड असतं, म्हणून ला पेन्कातल्या देवभोळ्या बायका त्याला दारू मानत नाहीत. प्रार्थनाघराच्या स्वयंपाकात राबणाऱ्या एउलालियामावशीनं आणि तिच्या दोघी सोबतिणींनी एकेक पेला घेतला. थोड्याच वेळात तिघीही लालबुंद झाल्या, छाती धरून बसल्या आणि ओकल्या.

"अंडी नासली असतील," यजमानीण ओशाळून म्हणाली.

"अंडी सगळ्यांनीच खाल्ली," हर्मेलिंडा मावशीची नाडी मोजत म्हणाली. "पेला तर मीही घेतला. मावशी, तुम्ही तिघींनी असं काय खाल्लं, जे आम्ही कुणी नाही खाल्लं?"

"काही नाही गं. सकाळची पेज. पुरुषांना वाढून उरली ती."

"पवित्र पेज?"

"मग काय टाकून देऊ? पाप लागेल. तळाचा गाळ आम्ही तिघी रोज खरवडून खातो."

"पीठ कोण कालवतं?"

"पीठ आम्ही. वरून मातेची भुकटी घालतो बंधू, स्वतःच्या हातानं. आम्हाला बघू देत नाही."

हर्मेलिंडानं मावशीचं मनगट सोडलं. आयुष्यात दारूला न शिवलेल्या या म्हातारीवर माता कशाला हात टाकेल? शपथ तिनं घेतली नव्हती, सैतान तिच्या अंगात नव्हता. पोटात होती ती भुकटी आणि तिच्यावर पडलेला दारूचा एक घोट. असं करणारं औषध तिच्या केंद्रातल्या कपाटातच होतं. डायसल्फिराम. ते घेतल्यावर दारू पोटात गेली की हेच होतं. औषध चांगलं आहे, पण रोग्याला सगळं सांगून आणि त्याचं हृदय तपासून द्यायचं. एलिओदोरोनं ते मागितलं होतं, तेव्हा डॉक्टरणीनं साफ नकार दिला होता. त्याचं हृदय दारूनं सुजलं होतं.

तिनं डॉक्टरणीला फोन लावला. ती राजधानीत होती. "काहीही कर, पण उद्या त्याला घोटभरही पिऊ देऊ नकोस," ती म्हणाली. हर्मेलिंडा तशीच प्रार्थनाघराकडे धावली. दाराला कुलूप होतं. आठव्या दिवशी रक्ताच्या माणसालाही भेट नाही, असा नियम. पोलीसचौकीतला शिपाई म्हणाला, "सिस्टर, माझा मेव्हणा तिथंच सुधारलाय."

रविवारी एलिओदोरोच्या हातात ग्लास आला, तेव्हा ती मंचावर चढली.

"पेजेत औषध आहे. ओकारी त्या औषधानं होते. माझ्या भावाचं हृदय कमजोर आहे, हे पिऊन तो मरेल. बंधू, खोटं वाटत असेल तर तुम्ही स्वतः वाटीभर पेज खा आणि वर हा ग्लास प्या. तुमच्यावर तर माता रागावलेली नाही ना?"

बंधू गोड हसला.

"ताई, सैतान नेहमी घरच्याच माणसाच्या तोंडून बोलतो. मी पिईन हो. पण परीक्षा द्यायला माता मला सांगेल, सरकारी नर्स नव्हे."

लोक हसले. हर्मेलिंडानं भावाचं मनगट धरलं. "एलिओदोरो, माझ्याकडे बघ. मी कधी तुझ्याशी खोटं बोलले?"

"नाही, ताई." त्यानं खाली उभ्या असलेल्या मकारियाकडे आणि पोरांकडे पाहिलं. "पण दारू सोड, सोड म्हणून तूच मागे लागली होतीस. आज सोडतोय तर आडवी येतेस. त्यांच्यासमोर मला खाली उतरायला लावू नकोस."

तिनं ग्लासवर झडप घातली. दोघा सेवकांनी तिला मागे ओढलं. एलिओदोरो प्यायला.

तो लाल झाला, टाळ्या पडल्या. तो ओकला, टाळ्या वाढल्या. तो पडला, तेव्हाही लोक टाळ्याच वाजवत होते. हर्मेलिंडा त्याच्या छातीवर दोन्ही हात टेकून दाबत होती, मोजत होती, ओरडून गाडी मागत होती, आणि वर भजन चालू होतं. भजन थांबेपर्यंत तो गेला होता.

बंधूची पांढरी गाडी तासाभरात गावाबाहेर पडली. प्रार्थनाघराच्या कोठारात डायसल्फिरामची रिकामी पाकिटं पोतंभर सापडली. डॉक्टरणीनं परत येऊन ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तरी दूरच्या गावातून बंधूचा निरोप आलाच: याचं पाप फार जड होतं, मातेलाही पेललं नाही.

एलिओदोरोच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची जपमाळ सुरू झाली. चौथ्या दुपारी प्रार्थना आटोपल्यावर एक बाई हळूच म्हणाली, "काही म्हण सिस्टर, पण माझा नवरा सुटला की."

"सुटला, चांगलं झालं," हर्मेलिंडा म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, विखार होता. "आता आपल्या गावातून मंचावर कोण कोण गेलं, ते सगळ्या मिळून सांगा."

नावं निघाली. एकतीस.

"आज कोरडे किती?"

"मंचावर साक्ष द्यायला येतात ते... सहा."

"बाकीचे?"

"त्यांना कशाला धरतेस? त्यांची श्रद्धा उणी होती."

"दारू सुटली नाही ना? मग धरायचं. शंभरातले शंभर याच हिशेबानं होतात, पडला तो यादीतून बाहेर. माझ्या केंद्रातही सगळे सुटत नाहीत. निम्मे पडतात, पण पडलेला आमच्या वहीत राहतो, आणि आम्ही त्याच्या घरी जातो. उद्या कुणीही उपचार घेऊन आलं, बंधू येवो नाहीतर डॉक्टर, त्याला विचारा: वाटीत काय घातलंस? किती जणांना दिलंस? त्यातले पडले किती आणि मेले किती? रागावला तर घरी या. माता प्रश्नाला रागावत नाही. रागावतो तो चोर."

एउलालियामावशी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. कोपऱ्यातून मकारिया उठली, हर्मेलिंडापुढे येऊन बसली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच नणंदेशी बोलत होती.

"वन्सं, एकतीस नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या भावाला धरलं नाही. बत्तीस."